बाळाच्या नावाचा चेक: वटवायचा कुठे, खर्च किती

बारसं आटोपतं, पाहुणे आपापल्या गावी जातात आणि अहेराची पाकिटं उघडताना एखाद्यातून चेक निघतो. पुण्याच्या मामाने किंवा नागपूरच्या आत्याने दिलेला, ५,००१ रुपयांचा, आणि नावाच्या जागी थेट बाळाचं नाव. बाळ दीड महिन्याचं. त्याचं खातं नाही, आधार नाही, सहीचा तर प्रश्नच नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावसारख्या तालुक्यात, जिथे बँकेत जायचं म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी सोडायची, तिथे हा चेक "बघू पुढच्या बाजाराच्या दिवशी" म्हणत कपाटात जातो आणि तिथेच शिळा होतो.

चेकला मुदत तीन महिन्यांची असते. १ एप्रिल २०१२ पासून हा नियम आहे. त्याआधी सहा महिने मिळत. मोजणी चेकवर लिहिलेल्या तारखेपासून सुरू होते, तुमच्या हातात तो कधी आला याला अर्थ नाही. मामाने तारीख आधीच टाकून ठेवली असेल तर तेवढे दिवस गेलेच म्हणून समजा.

खर्चाचं आधीच सांगतो. बाळाच्या नावाचं खातं उघडून चेक भरायला बँकेला किंवा पोस्टाला द्यायची फी जवळजवळ नाही. खातं चालू करायला काही ठिकाणी शून्य, पोस्टात ५०० रुपये लागतात, आणि ते ५०० बाळाच्याच खात्यात राहतात. खिशातून जातात ते फेऱ्यांचे, झेरॉक्स-फोटोचे आणि बुडालेल्या मजुरीचे पैसे. ते वाचवायचे असतील तर घरातून निघण्याआधीच थोडं काम करावं लागतं.

आधी चेक नीट वाचा

चेक उजेडात धरून चार ठिकाणी बघा. पहिलं, डाव्या कोपऱ्यातल्या दोन तिरप्या रेघा. त्यांच्यामध्ये 'अकाउंट पेयी' लिहिलेलं असेल तर ते पैसे नाव लिहिलेल्या माणसाच्याच खात्यात जाणार. बाप म्हणाला, "माझाच पोरगा आहे, माझ्या खात्यात टाका," तरी बँकेला तसं करता येत नाही. रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. दुसरं, नाव. "चि. सोनू" किंवा "बाळ जाधव" लिहिलेला चेक परत येण्याची दाट शक्यता. जन्मदाखल्यावर जे नाव आहे किंवा यायचं आहे, तेच चेकवर हवं: बाळाचं, बापाचं, आडनाव, त्याच क्रमाने, त्याच अक्षरांनी. इंग्रजीत लिहिलं असेल तर स्पेलिंगही तेच. तिसरं, आकडा आणि अक्षरी रक्कम जुळते का. चौथं, खाडाखोड. नाव किंवा रक्कम खोडून बाजूला सही केली की चालायचं, ते दिवस गेले. आता चेकचा फोटो काढून तोच पुढे पाठवला जातो आणि तारीख सोडून दुसरीकडे केलेली दुरुस्ती ग्राह्य धरली जात नाही.

नाव चुकलं असेल तर बाळाच्या आधारवरचं नाव बदलायला धावू नका. आधारवरचं नाव बदलायला ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये पडतात, आणि उद्या शाळेच्या दाखल्यात तेच चुकीचं नाव मागे लागतं. मामाला फोन करा, नवा चेक मागवा. लाज वाटण्याचं कारण नाही. चेक देणाऱ्यालाही आपले पैसे वाया जावेत असं वाटत नसतं.

बापाच्या खात्यात जात नाही, हे बरंच आहे

ऐकायला हा नियम जाचक वाटतो. पोर दोन महिन्यांचं, त्याला पैशाचं काय कळतं, असं प्रत्येक घरात म्हटलं जातं. पण यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्याने याकडे जरा वेगळ्या नजरेने बघावं, असं माझं मत आहे.

इथे बहुतेक घरं कापूस, सोयाबीन, तुरीवर चालतात आणि पेरणी पीककर्जावर. एक वर्ष पावसाने दगा दिला की कर्ज थकतं. थकलेल्या कर्जदाराच्या खात्यावर बँक होल्ड लावते. मग अनुदान येवो, पीकविमा येवो, पैसे दिसतात पण काढता येत नाहीत. अशा खात्यात बाळाच्या अहेराचा चेक भरायचा म्हणजे आत्याचे पाच हजार सोयाबीनच्या कर्जात अडकवायचे.

बाळाचं खातं मात्र कायद्याने वेगळं. बाप तिथे पालक म्हणून सही करतो, मालक म्हणून नाही. बँकेला एका माणसाचं देणं त्याच्याच ठेवीतून वळतं करता येतं. पालक या नात्याने सांभाळलेले मुलाचे पैसे बापाच्या वैयक्तिक कर्जात ओढता येत नाहीत. कुणी शाखेत तसं करू लागलं तर लेखी कारण मागा. तोंडी वाद घालत बसू नका, अर्ज द्या, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

म्हणून बाळाच्या नावाचा चेक आलाच असेल तर तो त्याच्या नावाच्या खात्यातच जाऊ द्या. रक्कम ५०१ असली तरी.

कागदपत्रं: काय लागतं, काय लागत नाही

पहिला कागद जन्मदाखला. जन्माची नोंद २१ दिवसांत झाली तर फी नाही. नोंद होते ती बाळ जन्मलं त्या ठिकाणी, राहत्या गावात नाही. महागाव, फुलसावंगी, गुंज, काळी दौलत इकडच्या कितीतरी बायका बाळंतपणाला पुसद किंवा उमरखेडच्या दवाखान्यात जातात, पहिलटकरीण तर माहेरी. दाखला तिथूनच मिळणार. त्यामुळे सुट्टी होण्याआधीच दवाखान्यात विचारून घ्या की नोंद कुणी केली आणि दाखला कुठल्या खिडकीवर मिळेल. तेवढ्याने एक फेरी वाचते. नाव ठरलं नसेल तर दाखला नावाविना निघतो. नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. पण चेक तीन महिन्यांचा आहे, तेव्हा बारसं झालं की नाव घालायचं काम त्याच आठवड्यात उरकून टाका. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना पुढे शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच एक दाखला चालणार आहे, म्हणून त्यातलं एकेक अक्षर तपासून घ्या.

दुसरा कागद आधार. पाच वर्षांखालच्या मुलाचं बाल आधार मोफत निघतं. बोटांचे ठसे घेत नाहीत. आई किंवा बापाचं आधार जोडतात. नोंदणीसाठी कुणी पैसे मागितले तर १९४७ या क्रमांकावर तक्रार करा. आधार यायला वेळ लागला तरी अडून बसू नका. जन्मदाखला आणि पालकाची कागदपत्रं एवढ्यावर अनेक शाखा खातं उघडून देतात. आपल्या शाखेत काय चालतं ते एक फोन करून विचारावं.

बाळाचं पॅन कार्ड लागत नाही. "पॅनशिवाय खातं होत नाही" असं सांगून फॉर्म भरून देणारे भेटतात. छापील कार्डाची फी १०७ रुपये, आणि भरून देणाऱ्याची हमाली वेगळी. मुलाचं स्वतःचं करपात्र उत्पन्न नसेल तर आई, वडील किंवा पालकाचा पॅन द्यायचा असा नियमच आहे. पालकाकडेही पॅन नसेल तर फॉर्म ६० भरतात. तो फुकट असतो.

बाकी पालकाचं आधार, दोघांचे दोन-दोन फोटो आणि ओरिजिनल चेक. चेकचा दोन्ही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आई पालक होऊ शकते

"ताई, बाळाच्या वडिलांना घेऊन या." हे वाक्य ऐकून बाई परत फिरते, आणि नवरा ऊसतोडीला किंवा पुण्याला कंपनीत असतो. चेकचे तीन महिने तिथेच संपतात.

आईला पालक म्हणून मुलाचं खातं उघडता येतं, हे रिझर्व्ह बँकेने बँकांना २९ डिसेंबर १९७६ लाच कळवलं होतं. २१ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात ते पुन्हा स्पष्ट केलं. मधल्या काळात या प्रश्नावर मोठा खटलाही झाला. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचं ठरवलं, तर बापाची सही मागण्यात आली. त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. १९९९ मध्ये निकाल लागला की बाप हयात असला तरी तो प्रत्यक्षात लक्ष घालत नसेल, हजर नसेल, तर आई नैसर्गिक पालक म्हणून वागू शकते. खिडकीवर "वडीलच हवेत" म्हटलं गेलं तर १९७६ आणि २०२५ हे दोन आकडे नम्रपणे सांगा.

आईने जाण्यात खर्चाचीही बचत आहे. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. शिवाय 'लाडकी बहीण'च्या निमित्ताने गावोगावच्या बायकांची आधार जोडलेली खाती झालेली आहेत. आईचं खातं ज्या शाखेत, त्याच शाखेत बाळाचं खातं मागितलं तर तिची कागदपत्रं तिथे आधीच असतात आणि काम लवकर होतं.

या जिल्ह्यात मुलांच्या नावाने येणारा चेक नेहमी आनंदाच्या प्रसंगीच येतो असं नाही. शेतकरी बापाने आयुष्य संपवलं की गावातली मंडळी, संस्था, कधी परगावचे अनोळखी लोक मुलांच्या नावाने मदत पाठवतात. बाप नसताना आई आपोआप नैसर्गिक पालक आहे. तिला कोर्टाचा कागद लागत नाही, नवऱ्याचा मृत्यूदाखला पुरतो. सासऱ्याची किंवा दिराची सही लागत नाही. दोघंही नसतील आणि मूल आजी-आजोबांकडे असेल तर मात्र जिल्हा न्यायालयातून पालकत्वाचा आदेश आणावा लागतो, त्याला तीन महिने पुरणार नाहीत. अशा वेळी चेक देणाऱ्यालाच सांगा की खातं होईपर्यंत रक्कम राखून ठेवा, नाहीतर नंतर नवा चेक द्या. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. स्त्रियांना आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

खातं कुठे उघडायचं

राष्ट्रीयीकृत बँक हा सरळ मार्ग. स्टेट बँकेत लहान मुलांसाठी 'पहला कदम' हे पालकासोबतचं खातं आहे आणि दहा वर्षांवरच्या मुलांसाठी 'पहली उडान'. किमान शिल्लक ठेवायची सक्ती नाही. व्याज मात्र कमी: जून २०२५ पासून बचत खात्यावर अडीच टक्के. ५,००० रुपयांवर वर्षाला १२५.

पोस्टात बचत खात्यावर ४ टक्के मिळतात, म्हणजे त्याच ५,००० वर २००. खातं ५०० रुपयांत उघडतं आणि ५०० शिल्लक ठेवावी लागते. आर्थिक वर्षअखेर त्याखाली गेलात तर ५० रुपये कापतात. महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर व्याज धरतात, म्हणून पैसे १० तारखेच्या आत जमा होतील असं बघा. डुप्लिकेट पासबुकाला ५० रुपये. गावाजवळ पोस्ट असेल आणि पैसे लगेच काढायचे नसतील तर मी पोस्टच सुचवीन.

मुलगी असेल तर 'सुकन्या समृद्धी'चा विचार कराच. दहा वर्षांखालील मुलीच्या नावाने, पोस्टात किंवा बँकेत, २५० रुपयांत खातं उघडतं. जानेवारी २०२४ मध्ये व्याजदर ८.२ टक्के झाला. सरकार दर तिमाहीला तो जाहीर करतं. मुलीच्या जन्मानंतर लगेच टाकलेले ५,००० रुपये या दराने २१ वर्षांत २६ हजारांच्या आसपास होतात. अटी मात्र समजून घ्या. १५ वर्षं दरवर्षी किमान २५० भरायचे, चुकलं तर त्या वर्षासाठी ५० रुपये दंड. पैसे १८ वर्षांपर्यंत किंवा दहावी होईपर्यंत अडकतात, आणि त्यानंतरही निम्मे मिळतात, तेही शिक्षणासाठी. खातं आई-बापाने किंवा कायदेशीर पालकानेच उघडायचं. आजोबांनी हौसेने उघडलेली खाती ऑक्टोबर २०२४ पासून आई-बापाच्या नावे करून घ्यावी लागत आहेत. आणखी एक अडचण असते. मुलीच्या नावाने लिहिलेला अहेराचा चेक सुकन्या खात्यात सरळ भरून घेतीलच असं नाही, कारण तिथे चेक पोस्टमास्तर किंवा बँकेच्या व्यवस्थापकाच्या नावे, खाते क्रमांकासह मागतात. म्हणून आधी बचत खातं, तिथे चेक वटवायचा आणि मग रक्कम सुकन्यात वळवायची.

पतसंस्थेबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. घराजवळ असते, ओळखीचे लोक असतात, व्याज चांगलं सांगतात. ५०,००० रुपयांपर्यंतचा अकाउंट पेयी चेक पतसंस्थेच्या खातेदारासाठी तिच्या बँक खात्यातून वटवून द्यायची मुभाही आहे. पण पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नाही. बँकेतल्या ठेवीला, जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी बँकांसह, ५ लाखांपर्यंत आहे. ४ फेब्रुवारी २०२० आधी तो आकडा १ लाख होता. यवतमाळची बाबाजी दाते महिला सहकारी बँक आपल्याच जिल्ह्यातली. नोव्हेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला, तेव्हा ठेवीदारांना आधार होता तो या विम्याचाच. बाळाचे पैसे विमा नसलेल्या जागी ठेवू नयेत. आणि बाळाच्या खात्यातली ठेव पालकाच्या स्वतःच्या ठेवीत मिसळून मोजत नाहीत. तिचा ५ लाखांचा विमा वेगळा असतो.

फॉर्म भरताना एक सावधगिरी बाळगा. तान्ह्या मुलाच्या खात्याला एटीएम कार्ड आणि एसएमएस सेवा 'हवी' अशी खूण कधीकधी आपोआप केली जाते. कार्डाची वार्षिक फी बहुतेक ठिकाणी शे-दोनशेच्या घरात असते, वर १८ टक्के जीएसटी. १,००१ रुपयांच्या शिलकीवर पाच वर्षं ही फी कापली तर अहेर संपला. कार्ड नको म्हणा.

भरणा आणि परतावा

स्लिपवर बाळाचं नाव, खाते क्रमांक, चेक क्रमांक, बँक, रक्कम लिहा आणि पालकाची सही करा. चेकच्या मागे खाते क्रमांक आणि मोबाइल नंबर लिहा. पेटीत टाकण्यापेक्षा खिडकीवर देऊन शिक्का मारलेली पावती घ्या. तुमच्याकडे पुरावा तेवढाच. परगावच्या चेकला पूर्वी आठवडे लागत आणि वटणावळ कापली जाई. आता देशभर चेकचा फोटोच फिरतो. बचत खात्यातल्या १ लाखापर्यंतच्या अशा चेकला वसुली फी नाही. ४ ऑक्टोबर २०२५ पासून दिवसाच्या ठरलेल्या वेळेत पुढे पाठवलेल्या चेकचा होकार-नकार संध्याकाळी ७ पर्यंत कळवायचा नियम झाला आहे. आपल्या शाखेतून चेक पुढे जायलाच एखादा दिवस लागत असेल तर तेवढी वाट बघा.

चेक परत आला तर भरणाऱ्याकडूनही बँका फी कापतात, पोस्टात ती १०० रुपये आहे. खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आला, तर कलम १३८ खाली खटला भरता येतो असं पारावर कुणीतरी सांगेल. ते चेक कुठल्यातरी देण्यापोटी दिलेला असेल तरच. अहेर हे देणं नव्हे, त्यामुळे नोटीस पाठवण्यात पैसे घालवू नका.

कराची चिंता बहुतेक घरांना नाही. आजी-आजोबा, काका, मामा, मावशी, आत्या यांच्याकडून आलेली भेट कितीही असली तरी करमुक्त. मित्र, शेजारी, कंपनीतले लोक यांच्याकडून वर्षभरात मिळून ५०,००० च्या वर गेली तर सगळी रक्कम करपात्र, आणि ती आई-बापातल्या ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात धरतात. लग्नाच्या अहेराला सूट आहे. बारसं आणि वाढदिवसाला ती लागू नाही.

देणाऱ्यांसाठी

बारशाला निघताना नाव ठाऊक नसतं, तेव्हा चेक बाळाच्या आईच्या नावाने लिहा. बाळाच्याच नावाने द्यायचा असेल तर आधी फोन करून खातं आहे का, दाखल्यावर नाव कसं आहे, हे विचारा. तारीख देण्याच्या दिवसाचीच टाका. परदेशात असाल तर डॉलरचा चेक पाठवू नका. तो वटवायला वेळ आणि फी दोन्ही फार लागतात. पैसे सरळ खात्यावर पाठवा.

नंतरचं

खातं उघडलं आणि विसरलं की दोन वर्षांनी ते निष्क्रिय होतं. ते पुन्हा चालू करायला फी नाही आणि निष्क्रिय असताना किमान शिलकीचा दंडही लावता येत नाही, पण कागदपत्रं पुन्हा द्यावी लागतात. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. तिथूनही बँकेमार्फत परत मिळतात. वर्षातून एकदा, वाढदिवसाला म्हणा, शंभर रुपये भरा आणि पासबुक छापून घ्या. हेच खातं आधारला जोडलेलं असेल तर पुढे शाळेची शिष्यवृत्ती त्यातच येते.

पैसे काढायला पालकाची सही चालते, आणि ते मुलासाठी काढतोय असं बँक लिहून घेते. दहा वर्षं पूर्ण झाली की बँकेने ठरवलेल्या मर्यादेत मूल स्वतः खातं चालवू शकतं. अठराव्या वर्षी पालकाची सही बंद होते. मुलाने जाऊन स्वतःची कागदपत्रं आणि सहीचा नमुना द्यायचा. बँकेत अडवणूक झाली तर आधी शाखेत लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तक्रारीला फी नाही, माहितीसाठी क्रमांक १४४४८.